मागच्या टोचनवर दोन सायकली: सोलापुरातल्या एका गाडीचं प्रकरण

कुटुंब होटगी रोडचं. डॉक्टर दंतवैद्य, मॅडम महाविद्यालयात शिकवतात, मुलगा यंदा दहावीला. घरात तीन सायकली. डॉक्टरांची कार्बन फ्रेमची रोड बाइक, साधारण 9 किलोची. मॅडमची हायब्रिड 13 किलोची, चढायला सोपं जावं म्हणून वरचा दांडा खाली उतरवलेली. मुलाची रुंद टायरची एमटीबी (डोंगरी वाटांची माउंटन बाइक), 15 किलो. पहाटे उठून हिप्परग्याच्या तलावापर्यंत किंवा तुळजापूर रोडला चक्कर मारायची तर गाडीचा संबंधच नाही. अडचण लांबच्या सहलींची. डिसेंबरात रत्नागिरीकडे जाऊन किनाऱ्याच्या रस्त्यांवर सायकल चालवायची, अधूनमधून पुण्याला न्यायची. गाडी चार मीटरच्या आतली एसयूव्ही, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) 2500 मिमी, स्टेपनी डिकीत, टपावरचे रेल शोभेचे.

मला बोलावलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात दोन पर्याय होते. एक ऑनलाइन सापडलेला, चार सायकली टांगायचा रॅक, त्यावर ठळक अक्षरांत ‘क्षमता 50 किलो’. दुसरा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरचा: बंपरच्या आतल्या बीमला टोचन (मागे काही जोडायचा लोखंडी जोड) वेल्ड करून देतो, त्यावर बसणारा रॅकही एमएस म्हणजे साध्या पोलादाच्या पाइपचा बनवून देतो, पावडर कोटिंगसकट. डॉक्टरांचा प्रश्न सरळ होता. "अहो, तुम्ही यंत्रमागाच्या मेंटेनन्सला आयुष्य घालवलंत. या दोघांत टिकाऊ कोणता ते सांगा, उद्या ऑर्डर देतो."

मी म्हटलं, आधी गाडी रॅम्पवर घ्या.

गाडीखाली काय दिसलं

टिकाऊ रॅक म्हटलं की लोक रॅकची पाइप किती जाड ते बघतात. पण वजन सायकलीकडून ट्रेवर (चाकांच्या खोबणीवर), ट्रेकडून मधल्या दांड्यावर, दांड्याकडून रिसीव्हरमध्ये (दांडा घुसतो ती चौकोनी नळी), रिसीव्हरकडून टो-बारवर (गाडीखाली बसणारा आडवा बीम) आणि तिथून गाडीच्या अंगात जातं. यातला जो सांधा सगळ्यांत कच्चा, तेवढंच त्या अख्ख्या जोडणीचं आयुष्य. म्हणून मी नेहमी उलट्या बाजूनं सुरुवात करतो, गाडीकडून.

या वर्गातल्या गाड्या मोनोकॉक असतात. ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते, पत्रा दाबून केलेल्या पेट्या एकमेकींना स्पॉट वेल्ड केलेल्या असतात. मागच्या बाजूला डिकीच्या खालून गाडीच्या लांबीत दोन पेट्या येतात, त्यांना लाँगिट्यूडिनल रेल म्हणतात. त्यांच्या टोकाला बंपर बीम बोल्टनं बसवलेला. हा बीम मागून ठोकर बसली की चेपला जावा याच हिशोबानं केलेला असतो. त्यावर रोज खाली-वर हलणारं वजन टांगायचं म्हणजे त्याच्याकडून भलतंच काम करून घेणं. आणि तिथं वेल्ड मारलं तर पत्र्याचा गंजरोधक थर आतून जळतो. बाहेरून रंग मारता येतो, पेटीच्या आत कोण मारणार? जास्त ताकदीचा पत्रा वेल्डच्या कडेला मऊ पडतो तो वेगळाच.

फॅब्रिकेटर अण्णा जुने, हात चांगला. त्यांना हे सांगितलं तर ते रागावले नाहीत. म्हणाले, "मालक, ट्रॉलीला आम्ही असंच मारतो." ट्रॉलीची गोष्ट वेगळी, तिचं चॅनेलच 5–6 मिमी जाडीचं. इथं पत्रा दीड-दोन मिमीचा.

पर्याय असतो बोल्टवर बसणाऱ्या टो-बारचा. तो रेलच्या दोन्ही बाजूंना लांब पट्ट्यांनी पकडतो, शक्यतो कंपनीनं आधीच ठेवलेल्या भोकांमध्ये, 8.8 किंवा 10.9 ग्रेडच्या बोल्टनी. चांगल्या टो-बारवर एक पट्टी रिव्हेट केलेली असते, तिच्यावर दोन आकडे पाहायचे. डी म्हणजे ओढण्याच्या ताकदीचा. सायकलवाल्याला त्याचं काम नाही. एस म्हणजे टोकावर उभं किती वजन चालेल तो. लहान गाड्यांचा एस साधारण 50 ते 75 किलोच्या घरात असतो. पट्टीच नसेल तर तो टो-बार कितीही मजबूत दिसो, घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आम्हाला पुण्याहून जो मिळाला त्यावर एस 75 होता. त्याचबरोबर गाडीच्या मॅन्युअलमधलं टोईंगचं पानही वाचायचं, कारण दोन आकड्यांत जो लहान तोच खरा.

तीन सायकली की दोन

इथं हिशोब मांडावाच लागला. दोन सायकलींचा ट्रेवाला रॅक 18 किलोचा धरला. मुलाची 15 किलोची सायकल रिसीव्हरच्या तोंडापासून 50 सेंमी मागे, मॅडमची 13 किलोची 30 सेंमीवर, रॅकचं स्वतःचं वजन 35 सेंमीवर. एकूण 46 किलो, आणि सांध्यावरचा पीळ, म्हणजे वजन गुणिले अंतर, 17.7 किलो-मीटर (किलो गुणिले मीटर). गाडी उभी असताना एवढा. गतिरोधकावरून थोडी वेगात उतरली की तोच क्षणभर दोन-अडीच पट होतो, म्हणजे 35 ते 44 पर्यंत. सोलापूरहून मंगळवेढ्याकडे निघालात की गावागणिक गतिरोधक, काहींवर पट्टेही नाहीत, तेव्हा हा ‘क्षणभर’ दिवसात कितीदा येतो ते ज्याचं त्यानं मोजावं.

याचा दुसरा परिणाम पुढच्या चाकांवर. रिसीव्हरचं तोंड मागच्या ॲक्सलपासून साधारण 70 सेंमी मागे. तिथून आणखी 38 सेंमी मागे 46 किलोचा मध्य. म्हणजे मागच्या ॲक्सलवर 46 नाही, 66 किलो वाढतात आणि पुढचा ॲक्सल 20 किलोनं हलका होतो. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह. घाटात ओल्या रस्त्यावर हे 20 किलो जाणवतात. डिकीत जड बॅगा भरल्या तर आणखीच. त्यामुळे बॅगा मागच्या सीटच्या पायाशी आणि डिकीत हलकं सामान, असा नियम आधीच ठरला.

आता तिन्ही सायकली मागे टाकायच्या म्हटल्या तर रॅक जड, तिसरा ट्रे आणखी 20 सेंमी मागे, एकूण वजन साठीला टेकतं. एस 75 आहे, कागदावर बसतं. मी नको म्हटलं. त्या आकड्याच्या एवढ्या जवळ गाडी सतत वापरायची म्हणजे थकव्याला आमंत्रण. धातू एका झटक्यात मोडत नाही, वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग पडते आणि ती हळूहळू सरकत राहते.

तिसऱ्या सायकलीचा तोडगा मॅडमनी काढला आणि तो मला सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडला. कार्बनची सायकल सर्वांत हलकी, सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक. ती आत. पुढचं चाक काढून, मागच्या सीटचा मोठा भाग दुमडून, चादरीत गुंडाळून (सोलापूरकरांच्या घरात जुन्या चादरी कमी नसतात). मुलगा उरलेल्या सीटवर. एकच सूचना केली. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक असेल तर चाक काढल्यावर कॅलिपरमध्ये पॅड स्पेसर (दोन पॅड लांब ठेवणारा तुकडा) अडकवायचा. नाहीतर कुणीतरी चुकून लिव्हर दाबतं, पॅड चिकटून बसतात आणि मुक्कामाला पोचल्यावर चाक आत जात नाही.

ज्यांच्याकडे एकच सायकल आहे त्यांनी खरं तर हे एवढंच करावं. हिच (टो-बार आणि रिसीव्हर), रॅक, वायरिंग, काही लागत नाही.

टांगणारा की ट्रेवाला

ऑनलाइनवाला टांगणारा रॅक यात लगेच बाद झाला, आणि त्याला कारण मॅडमची सायकल. टांगणाऱ्या रॅकचे दोन हात सायकलच्या वरच्या दांड्याखाली जातात. तो दांडाच खाली उतरलेला असेल तर सायकल तिरकी लटकते. त्यावर आडवी खोटी दांडी मिळते, सीटपोस्ट आणि स्टेमला जोडायची, पण मग आणखी दोन सांधे वाढले. शिवाय टांगलेल्या सायकली झुलतात, एकीचं पेडल दुसरीच्या स्पोकात जातं, रंग घासतो. चार सायकलींचे हात लांब, त्यामुळे दोनच टांगल्या तरी पीळ जास्त.

ट्रेवाल्या रॅकमध्ये चाकं खोबणीत उभी राहतात. यातही दोन जाती. एकीत वरून एक हात फ्रेमला पकडतो, दुसरीत आकडा पुढच्या चाकावर दाबून बसतो आणि फ्रेमला काहीच लागत नाही. दुसरी घ्यावी. आज कार्बनची सायकल आत बसतेय, उद्या एखाद्या वेळी तीच मागे लावायची वेळ आली तर फ्रेमवर पकड नको. मुलाच्या रुंद टायरलाही आकडा व्यवस्थित बसतो, फक्त चाकाच्या पट्ट्याची लांबी दुकानातच सायकल लावून बघायची.

प्ले

सगळ्यांत जास्त वेळ या प्लेवर, म्हणजे सांध्यातल्या ढिलाईवर गेला आणि तो जायलाच हवा होता.

अमेरिकी पद्धतीचा रिसीव्हर म्हणजे चौकोनी नळी. लहान गाड्यांना सव्वा इंची, मोठ्यांना 2 इंची. युरोपी पद्धतीत नळीऐवजी 50 मिमीचा गोळा असतो आणि रॅक त्या गोळ्याला वरून आवळून धरतो. गोळ्यावरचा रॅक पटकन बसतो, पण सगळी पकड घर्षणाची. गोळ्यावर ग्रीसचा हात जरी लागलेला असला तरी रॅक फिरतो. आपल्याकडे बाजारात जे चकचकीत क्रोमचे गोळे मिळतात त्यांचं पोलाद कोणतं हे दुकानदारालाही सांगता येत नाही. म्हणून आम्ही 2 इंची रिसीव्हर निवडला. सव्वा इंची चाललाही असता, दोन सायकलींपुरता. पण त्याचा दांडा बारीक, आणि पुढे जड सायकल आली तर पुन्हा खर्च.

अण्णा अजून स्पर्धेत होते. त्यांचं म्हणणं, टो-बार तुम्ही पुण्याचा लावा, रॅक माझ्याकडून घ्या. त्यांनी नमुन्यादाखल नळीत नळी घालून दाखवली. बाहेरची 60 बाय 60, जाडी 4 मिमी, म्हणजे आत 52 मिमी. आतली 50 बाय 50. "काय बे, टेप आण," असं पोऱ्याला म्हणत त्यांनी मोजूनही दाखवलं. सहज आत-बाहेर होत होती. त्यांच्या मते हा गुण होता.

मी नळी आत घालून तिच्या टोकाला मीटरभराची पट्टी उभी धरली आणि डावी-उजवीकडे ढकलली. पट्टीचं वरचं टोक चार सेंटीमीटर एका बाजूला गेलं, चार दुसऱ्या बाजूला. दोन मिमीच्या ढिलाईचं हे फळ. चौकोनी नळी चौकोनात जेवढी सैल, तेवढी ती स्वतःभोवती फिरते, आणि हँडलच्या उंचीवर ते मोठं होऊन दिसतं. मूळ 2 इंची, म्हणजे 50.8 मिमीचा दांडा त्याच 52 च्या नळीत घातला तरी 1.2 मिमी उरतात आणि मीटरभर उंचीवर सव्वादोन-अडीच सेंमी हलतंच. हे दिसायला फक्त हलणं आहे. प्रत्यक्षात प्रत्येक खड्ड्याला पिन भोकाच्या कडेवर आपटते. अण्णांच्याच शेडबाहेर उसाची ट्रॉली दुरुस्तीला उभी होती. तिच्या टोचनच्या पट्टीतलं भोक बघा म्हटलं. गोल पाडलेलं भोक अंड्यासारखं लांबुडकं झालेलं, एका बाजूची कड चकचकीत घासलेली, पिनीलाही कंबर आलेली. अण्णा हसले. ट्रॉली काही सायकली नेत नाही, पण घासतं ते असंच.

मागात आम्ही हेच बघत आलो. वजनानं मोडलेला भाग क्वचित हातात येतो, ढिल्या बुशानं (भोकात बसवलेल्या, झिजणाऱ्या नळीनं) मारलेले रोज.

म्हणून रॅक निवडताना माझी पहिली परीक्षा ही: रिसीव्हरमध्ये गेल्यावर तो ढिलाई कशी मारतो? नुसती 5/8 इंची पिन आणि क्लिप असेल तर नको. काहींत आडवा थ्रेडेड बोल्ट असतो, तो दांड्याला रिसीव्हरच्या एका भिंतीवर ओढून बसवतो. हे साधं आणि चांगलं. काहींत दांड्याच्या कोपऱ्यात पाचर असते, बाहेरचा नॉब फिरवला की ती पसरते आणि दांडा कोपऱ्यात घट्ट बसतो. दोन्ही दिशांची ढिलाई जाते, हे अधिक चांगलं. आम्ही पाचरवाला घेतला. पाचर असली तरी पिन हवीच. पाचर हलणं थांबवते, पिन रॅक रस्त्यावर पडू देत नाही.

दुसरी परीक्षा बिजागराची. डिकी उघडायला रॅक मागे झुकतो, तिथं एक पिव्हट असतो. दुकानात तो बोल्ट काढून दाखवा म्हटलं तर विक्रेता चकित झाला, पण दाखवला. भोकात बुश होता, बदलता येणारा. एका स्वस्त रॅकमध्ये तिथं नुसता रंगवलेला पत्रा आणि बोल्ट. नव्यातच रंग खरवडलेला होता. तिसरी परीक्षा सुट्या भागांची: पट्टा, आकड्याचं रॅचेट (एकाच दिशेनं सरकणारे दाते), टोपणं, बुश स्वतंत्र मिळतात का? रॅक कधी एकदम जात नाही, पन्नास रुपयांचा पट्टा जातो आणि तो मिळत नाही म्हणून रॅक भंगारात जातो.

किमतीचं बोलायचं तर देशी बनावटीचे काही हजारांत, आयात केलेले चांगले पन्नास हजारांच्या पुढे. डॉक्टरांनी महागडा घेतला. मी त्यांच्या जागी असतो तर थोडा विचार केला असता, पण वर्षातून चार-पाच लांबच्या सहली आणि पाचर-बुशाचा हिशोब धरला तर वावगं नाही.

ऊन, धूळ आणि मीठ

परदेशी माहितीत सगळा भर गंजावर असतो, कारण तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. सोलापुरात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिमीच्या आसपास. इथं शत्रू ऊन आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर, काही दिवस 43–44. उघड्यावर उभ्या गाडीचं काळं प्लास्टिक हात लावू देत नाही. यात पोलादाला काही होत नाही. जातात ते रबराचे पट्टे, नायलॉनची दात्यांची पट्टी आणि आकड्यावरची प्लास्टिकची टोपी. पट्ट्या आधी पांढुरक्या होतात, मग वाकवल्या की कडेला बारीक चिरा दिसतात. म्हणून रॅक काम झालं की काढायचा आणि घरात ठेवायचा. अण्णांना शेवटी याचंच काम मिळालं. त्यांनी पार्किंगच्या भिंतीला 60 बाय 60 नळीचा तुकडा बसवून दिला, रॅक त्यात अडकवून ठेवतात. तिथं ढिलाई असली तरी बिघडत नाही.

धुळीचं एक सांगतो. काळ्या मातीची बारीक धूळ तेलावर बसली की पेस्ट होते आणि ती बुश खाते. पिव्हटला आणि रॅचेटला तेल घालायचं नाही, कोरडं पीटीएफई (टेफ्लॉनचं) किंवा मेणाचं वंगण वापरायचं.

मीठ मात्र रत्नागिरीत भेटतंच. ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये स्टेनलेसचे स्क्रू, आणि वर खारी हवा, म्हणजे दोन धातूंची जोडी जमते आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या पावडरीसारखं खाल्लं जातं. बसवण्यापूर्वीच प्रत्येक स्क्रूला अँटी-सीझ (धातू एकमेकांना चिकटू न देणारी पेस्ट) लावून घेतलं. परतल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचं, दांड्याच्या नळीतून पाणी निथळायला भोक आहे ना ते बघायचं. स्टीलचा रॅक असता तर नळीच्या आतल्या गंजाची काळजी करावी लागली असती. ॲल्युमिनियमला गंज कमी, पण पोलादासारखी थकव्याची ठरावीक हद्द त्याला नसते. कमी भारानंही खूप वेळा हललं की भेग पडू शकते. त्यामुळे वर्षातून एकदा वेल्डच्या कडा पुसून, बॅटरी मारून बघणं आलंच.

दिवे, नंबरप्लेट, कायदा

हे प्रकरण सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं आणि चलन इथंच फाटतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर 2017 मध्ये बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, आधार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा, गाडीच्या मूळ रचनेत बदल नको असा. बंपरला वेल्ड केलेलं टोचन त्याच नजरेनं पाहिलं जाण्याची शक्यता जास्त. बोल्टनं बसलेला, काढता येणारा भाग निदान समजावून सांगता येतो. विमा कंपनीला मात्र लेखी कळवून ठेवलं.

कलम 194 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनं एक पोटकलम आलं: भार गाडीच्या बाजूला, मागे किंवा वर मर्यादेबाहेर गेला तर 20,000 रुपये दंड. मुलाची सायकल टायरच्या टोकापासून टोकापर्यंत गाडीच्या रुंदीएवढी काठोकाठ भरली. ट्रे सरकवता येत असल्यानं ती बरोबर मध्ये आणली. मागच्या ओव्हरहँगला (मागच्या ॲक्सलच्या मागे जाणाऱ्या भागाला) व्हीलबेसच्या 60 टक्क्यांची मर्यादा आहे, या गाडीला 1500 मिमी. रॅक धरून आम्ही 1350 च्या आसपास होतो.

नंबरप्लेट अडली. ती डिकीच्या दारावर, आणि सायकली चढल्या की चाकाच्या स्पोकांआडून अर्धवट दिसते. 1 एप्रिल 2019 नंतरच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट असते, तिचे लॉक एकदा बसले की ती काढून रॅकवर लावता येत नाही. साधी दुसरी प्लेट करून लावली तर नंबर वाचता येतो, पण ती हाय सिक्युरिटी प्लेट नाही. सायकली पुढे-मागे सरकवून, पेडल आडवी ठेवून जेवढी मोकळी होईल तेवढी केली आणि रॅकच्या मागे लावायच्या दिव्यांच्या बोर्डावर नंबर पुन्हा लिहिला. जोखीम उरते. ती डॉक्टरांना स्पष्ट सांगितली, आणि ज्याला ती नको असेल त्यानं या वर्गातल्या गाडीला हिचचा रॅक लावू नये.

दिव्यांचा बोर्ड मात्र नियमापुरता नाही, जिवाचा आहे. ऊस गाळपाच्या महिन्यांत रात्री रस्त्यावर बिनदिव्याच्या जोडट्रॉल्या असतात, त्यांच्या मागे आपण अचानक ब्रेक दाबतो, आणि आपल्या मागच्याला आपला ब्रेक लाइट सायकलींआडून दिसत नाही. बोर्डला ब्रेक, इंडिकेटर, टेल असे तिन्ही हवेत. आजच्या गाड्यांत थेट वायर कापून जोड द्यायचा नाही, बॉडी कंट्रोल युनिट जादा भार ओळखून बल्ब गेल्याचा इशारा देतं. मधे टोईंग मॉड्यूल घालून 7 पिनी सॉकेट दिलं. रिव्हर्स सेन्सर सायकलींनाच अडथळा समजून बोंबलत राहतो, तो बटणानं बंद.

अजून एक, जे दुकानदार सांगत नाही: सायलेन्सरचं तोंड कुठे येतं ते बघायचं. गरम धूर थेट टायरवर आला तर रबर मऊ पडतं. इथं तोंड खाली वळलेलं होतं, सुटलो.

लावल्यानंतर

टो-बार पुण्याच्या कामगारांनीच बसवला. बोल्ट टॉर्क पान्ह्यानं, किटच्या कागदावरच्या आकड्याप्रमाणे. प्रत्येक नटावर आणि शेजारच्या पट्टीवर मी पिवळ्या रंगाची एक सलग रेघ ओढली. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पान्हा लावायची गरज नाही.

पहिली चाचणी रिकाम्या रॅकनं शहरात, दुसरी दोन सायकलींसह तुळजापूरपर्यंत आणि परत. वेग 80 च्या आत. आल्यावर रॅम्पवर घेतली तर डाव्या बाजूच्या पुढच्या नटाची रेघ दोन-तीन मिमी सरकलेली. बाकी सगळ्या जागच्या जागी. तो नट सोडवून पट्टी उतरवली. पट्टी आणि रेलच्या मध्ये कंपनीनं खालून मारलेलं जाड काळं अंडरकोट तसंच होतं. मऊ थर दाबला गेला, पातळ झाला आणि बोल्टचा ताण उतरला. नट फिरला तो त्यामुळे. बाकीच्या तिन्ही ठिकाणी खरवडून, झिंक प्रायमर मारून पट्टी बसवली होती, या एका जागी राहून गेलं. तेवढं खरवडलं, प्रायमर मारला, पुन्हा आवळलं. पुढच्या फेरीनंतर रेघ हलली नाही. लोखंड लोखंडावर बसायला हवं, मध्ये काहीही मऊ नको, हे टो-बारवाल्याला उभं राहूनच करून घ्यावं लागतं.

रत्नागिरीची सहल मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट अशी झाली. घाटाच्या आधी आणि नंतर थांबून दोनच गोष्टी बघायच्या असं ठरलं होतं: पाचरेचा नॉब आणि चाकांचे पट्टे. नॉब जागचा हलला नव्हता. पट्टे प्रत्येक वेळी एक-दोन दाते आवळावे लागले, कारण टायर दबतं आणि सावलीतून उन्हात आल्यावर हवा बदलते. परतल्यावर ट्रेच्या दोन स्क्रूंभोवती पांढरी कड दिसली, तीही अँटी-सीझ कमी पडलेल्या ठिकाणी. धुऊन, काढून, पुन्हा लावून ठेवले.

आता मॅडम ई-सायकल घ्यायच्या विचारात आहेत, 22 किलोची. ती कुठल्या ट्रेवर, हा प्रश्न लगेच आला. बाहेरच्या ट्रेवर ठेवली आणि आत 13 किलोची जुनी हायब्रिड, तर पीळ 21.2 किलो-मीटर. आतल्या ट्रेवर ठेवली तर 19.4. म्हणून आतल्याच. बॅटरी काढून गाडीत घ्यायची, त्यानं आणखी तीनेक किलो कमी होतात. मुलाची 15 किलोची सायकल बाहेरच्या ट्रेवर आली तर एकूण 55 किलो, एस 75 च्या पुरेसं आत. फक्त रॅकच्या एका ट्रेची मर्यादा किती ते त्याच्या कागदावर बघायचं राहिलंय.  ते बघेपर्यंत ई-सायकलची ऑर्डर देऊ नका असं मॅडमना सांगून ठेवलंय.